कागद सांभाळणारं स्थळ

पहिला फोन आला तेव्हा मी देवळाली कॅम्पच्या बाजारात, वर्दी शिवणाऱ्या टेलरच्या वरच्या खोलीत, बायकांना इंग्रजी शिकवत होतो. बायका म्हणजे जवानांच्या बायका. हुशार, वेळेवर येणाऱ्या, आणि नवऱ्याची बदली आली की आठवड्याभरात सामानासकट नाहीशा होणाऱ्या. माझी आधीची अख्खी बॅच भूतकाळ शिकता शिकता भटिंड्याला गेली. तिथे त्यांना भविष्यकाळ कुणी शिकवला का, कळायला मार्ग नाही.

फोनवर पूजा मॅडम होत्या. त्यांनी आधी माझं अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते नंतर सांगितलं. व्हिएतनाममधल्या एका शाळेने म्हणे माझी निवड केली होती. त्या शाळेला मी कसा माहीत, असं विचारलं, तर म्हणाल्या, सर, आपका प्रोफाइल बहुत स्ट्राँग है. माझं प्रोफाइल म्हणजे समर्थ गांगुर्डे हे नाव आणि मोबाईल नंबर. एका रविवारी कंटाळा आला म्हणून ‘परदेशात इंग्रजी शिकवा’ या जाहिरातीखाली मी तेवढंच भरलं होतं.

विचार करून सांगतो, असं मी म्हणालो. असं म्हणू नये हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जो माणूस विचार करतोय त्याला दिवसभर फोन येतात, विचार कुठपर्यंत आला ते बघायला.

दोन दिवसांनी व्हिएतनामच्या जागा भरल्या आणि थायलंड निघालं. मग ओमान. मग एक देश असा आला की त्याचं नाव पूजा मॅडमनाही नीट वाचता येईना; त्या म्हणाल्या, सर, रशियाच्या खाली आहे, हवा छान आहे. मी टेलरच्या वरच्या खोलीत बसून होतो आणि एकेक देश समोरून जात होता, आपल्या स्टेशनवर न थांबणाऱ्या गाडीसारखा. प्रत्येक देशात दोनच जागा उरलेल्या असायच्या आणि शेवटची तारीख आजची असायची. मी एकदा म्हटलं की दोनच जागा असतील तर माझ्यापेक्षा गरजू दोघांना देऊन टाका. त्या म्हणाल्या, “सर, यही अ‍ॅटिट्यूड चाहिए हमें,” आणि माझं पुन्हा अभिनंदन केलं.

फोटो मागितला. हसरा, आणि हातात पृथ्वीचा गोल. माझ्याकडे गोल होता, पण तो पैसे साठवायचा गल्ला होता. प्रशांत महासागरात नाणं टाकायची फट होती. मी महासागर तळहाताने झाकून फोटो काढला. त्यांना तो आवडला. फक्त रंग थोडा उजळ करून घेतो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माझा फोटो पाठवला, तेव्हा मी क्षणभर विचारात पडलो की हा कोण आणि याच्याकडे माझा गल्ला कसा.

मग व्हिडिओवर नमुना तास. समोर पूजा मॅडम, पण त्या आता सहा वर्षांच्या व्हिएतनामी मुलीच्या भूमिकेत. त्यांनी हनुवटीखाली हात घेतले आणि बारीक आवाजात सांगितलं की टीचर, मला काही समजत नाहीये. मी सफरचंद शिकवलं. त्यांना समजलं नाही. मी पुन्हा शिकवलं. मग त्या एकदम स्वतःच्या आवाजात म्हणाल्या की सर, सिलेक्शन झालं, उद्या ओरिजिनल डॉक्युमेंट घेऊन ऑफिसला या.

मला जायचं नव्हतं. परदेशात नाही आणि ऑफिसातही नाही. मी त्यांचा नंबर ब्लॉक करून बंद करायचो, तर दुसऱ्या नंबरवरून अभिनंदन यायचं. नको म्हटलं तर त्या काळजीने विचारायच्या, घरी काही प्रॉब्लेम आहे का सर. मी दमलो. शेवटी एका दुपारी मी बी.ए.चं, बी.एड.चं, सगळी मूळ प्रमाणपत्रं उचलली आणि देऊन आलो, फोन थांबावेत एवढ्यासाठी. मुलं शेजारच्या काकांना पापा देतात तसं, म्हणजे एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून.

ऑफिस नाशिकच्या कॅनडा कॉर्नर भागात होतं. कॅनडाची नोकरी तेवढी त्यांच्याकडे नव्हती. एजन्सीचं नाव मी सांगत नाही, कारण ते दर काही महिन्यांनी बदलायचं आणि उगाच दुसऱ्या कुणावर आळ यायचा. भिंतीवर चार घड्याळं होती, लंडन, टोकियो, सिडनी आणि नाशिक. त्यातलं नाशिकचं बंद होतं. टेबलामागे मॅनेजर बसले होते, संतोष सर. वय तिशीच्या थोडं पुढे, गळ्यात टाय, बोलणं हिंदी-इंग्रजीत. त्यांनी माझी फाईल घेतली, मागच्या लोखंडी कपाटात टाकली आणि म्हणाले, “अब आप फ्री हो जाओ.”

फोन थांबले नाहीत. फक्त त्यातली विनंती गेली.

यानंतर महिनाभराने माझ्या आयुष्यात एक अडचण आली, ती म्हणजे मला नोकरी लागली. कॅम्पातल्याच एका शाळेत, पाचवी ते सातवी इंग्रजी, पगार बँकेत. ज्या बाईंच्या जागेवर मला घेतलं त्या नवऱ्याच्या बदलीबरोबर गेल्या होत्या, म्हणजे शेवटी एका बदलीने माझंही भलं केलं. ही नोकरी मला हवी होती. इथली मुलं निदान वार्षिक परीक्षेपर्यंत टिकणार होती. मुख्याध्यापक म्हणाले, पुढच्या सोमवारी मूळ प्रमाणपत्रं घेऊन या, पडताळणी झाली की रुजू व्हा. सोमवारी नाही जमलं तर यादीत पुढचं नाव आहे. हे त्यांनी सौम्यपणे सांगितलं, आणि त्यांची शेवटची तारीख खरी होती.

मी कॅनडा कॉर्नरला गेलो. संतोष सर म्हणाले, फाईल प्रोसेसमध्ये आहे. मी विचारलं, प्रोसेस म्हणजे नेमकी कुठे. ते म्हणाले, दिल्लीला, एम्बसीत. हे सांगताना ते कपाटाला पाठ टेकून उभे होते. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि मला माझी फाईल दिसत होती. ती ओळखू न येणं शक्य नव्हतं. कांद्याच्या बियाण्याच्या एका कंपनीने चांदवडच्या शेतकरी मेळाव्यात फुकट वाटलेली ती फाईल. तिच्यावर डोक्याएवढा लाल कांदा छापलेला आहे.

मी म्हणालो, सर, तो कांदा माझा आहे.

त्यांनी मागे न बघता दार पायाने लावलं आणि म्हणाले, “दिल्ली से आने दो.”

नंतर त्यांनीच समजावून सांगितलं, आणि त्यात राग नव्हता. कँडिडेटकडे कागद राहिले की कँडिडेट दुसऱ्या एजन्सीकडे पळतो. कागद इथे राहिले की तो कुठेच पळत नाही. मी म्हटलं, मला पळायचंच नाहीये, मला देवळाली कॅम्पला जायचंय, बसने. ते म्हणाले, सब ऐसाही बोलते हैं.

सगळे म्हणाले, तक्रार कर. तक्रारीला प्रमाणपत्रांच्या प्रती जोडायच्या होत्या आणि त्या मूळ प्रतींवरून ताडून बघणार होते. मी घरी येऊन झोपलो.

त्याच आठवड्यात माझी आत्या आली. अक्काबाई नाव. चांदवडहून आली होती, नाशिकला दाताची कवळी बसवायला. माप दिलेलं होतं, कवळी तयार व्हायची होती, तोवर मुक्काम माझ्या खोलीवर. दात नसल्यामुळे ती निम्मंच बोलायची, म्हणजे आपल्या दुप्पट. आत्या लग्नं जमवते. तिचा तो धंदा नाही, ती त्याला सवय म्हणते. चांदवडपासून सटाण्यापर्यंत कुठल्या घरात कोण लग्नाचं आहे, कुणाचं कशावरून मोडलं, हे तिच्या डोक्यात असतं. तिच्याकडे दोन मोबाईल आहेत, कारण एकाच नंबरवरून आल्यावर लोक फोन उचलत नाहीत.

संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती आणि पूजा मॅडमचा फोन आला. माझे हात कणकेचे होते, मी स्पीकरवर टाकला. पूजा मॅडम म्हणाल्या की सर, मेडिकलला मंगळवारी येताय की बुधवारी? मी म्हटलं मी येतच नाहीये. त्या म्हणाल्या, मग बुधवार ठेवते.

आत्याने लाटणं थांबवून ऐकलं. फोन बंद झाल्यावर म्हणाली, “पोरगी हुशार हाय. हो का नाय, असं विचारतच नाय. कधी येता, एवढंच विचारती. बरोबर हाय.”

मी तिला सगळं सांगितलं. देश, सफरचंद, कपाट, सोमवार. आत्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला, त्या साहेबाचं आडनाव काय. मी म्हटलं, देवरे. “कुठले देवरे?” हे मला माहीत नव्हतं. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मूळ प्रमाणपत्रं नाही, मूळ अक्कलच देऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. ऑफिसात शिरली, कुणी म्हणायच्या आधी खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि पाणी मागितलं. पाणी आलं. ग्लास धुतलेला आहे का ते तिने उजेडात धरून बघितलं. संतोष सर टाय नीट करून हिंदीत म्हणाले, माताजी, फाईल दिल्लीला आहे. आत्या म्हणाली, असू दे. मग विचारलं, गाव कोणतं?

संतोष सर पहिल्यांदाच मराठीत म्हणाले, “सटाण्याकडे.”

“ते आडनावावरून कळलं. आजोळ?”

इथे हा माणूस काहीही सांगू शकला असता. त्याच्या कपाटात असलेली फाईल त्याने तोंडावर दिल्लीला पाठवली होती. वाट्टेल त्या देशात त्याने दोन-दोन जागा तयार केल्या होत्या. पण आजोळ विचारलं की आपला माणूस खोटं बोलत नाही. तसा विचारच त्याला सुचत नाही. संतोष सरांनी देवळ्याजवळचं एक गाव सांगितलं. मामाचं नाव विचारलं, तेही सांगितलं. मामाच्या मळ्याशेजारी पाझर तलाव आहे का, असं विचारलं, तर आहे म्हणाले.

“मग तू सखुबाईचा,” आत्या म्हणाली. “लग्नाचं बघता की नाय?”

बघताहेत म्हणाले. सर असं म्हणत होते तेव्हा त्यांच्या मागच्या भिंतीवर लंडन, टोकियो, सिडनी चालू होतं.

आत्या उठली, चहा नको म्हणाली, आणि आम्ही बाहेर पडलो. कागदाचं नावही तिने काढलं नव्हतं. जिन्यात मी चिडलो. मी म्हटलं, आत्या, सोमवारी माझी नोकरी जाईल आणि तू त्याच्या लग्नाचं काय विचारत बसलीस? ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. म्हणाली, “कागद कुठं जात नाय. कपाटात हाय. मुलगा मात्र तिशीच्या पुढं चालला.”

त्या रात्रीपर्यंत तिने त्याच्या आईला, मामाला आणि पिंपळगावच्या एका घराला फोन केले होते. पिंपळगावच्या घरात स्नेहल नावाची मुलगी होती. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये नोकरीला. निर्यातीचा माल तपासायचा आणि त्यातले नको ते घड बाजूला काढायचे, हे तिचं काम. आतापर्यंत आलेली सगळी स्थळंही तिने तशीच बाजूला काढली होती. आत्याने तिथे संतोषचं वर्णन केलं ते मी शेजारी बसून ऐकलं. उंच आहे, टाय लावतो, ऑफिसात पाण्याचा ग्लास धुतात. आणि वर, मनापासून, कसलाही टोमणा नसल्यासारखं, “माझ्या भाच्याचे सगळे मूळ कागद त्याच्यापाशी हायेत. लय जपून ठेवलेत.”

हे वाक्य तिने प्रत्येक फोनवर म्हटलं. त्याच्या आईला म्हटलं, मामाला म्हटलं, मामाच्या शेजाऱ्याला म्हटलं. दोन दिवसांत कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा अशा अख्ख्या कसमादे पट्ट्यात संतोष देवरे हा लोकांचे कागद सांभाळणारा मुलगा म्हणून प्रसिद्ध झाला. इतकं कौतुक झाल्यावर कुणीतरी विचारणारच होतं. विचारलं ते स्नेहलने. बाकी पगार, घर, शेती तिने काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं की दुसऱ्यांचे कागद याच्याकडे का?

आत्याने तो प्रश्न जसाच्या तसा पुढे पाठवला. आईला, मामाला, मामाच्या शेजाऱ्याला. आणि स्वतः संतोषला, दोन्ही मोबाईलवरून. तिची पद्धत मी जवळून बघितली. मुलगी बघायला येणार का, असं ती विचारत नव्हती. मुलीकडचे लोक रविवारी येतील की शनिवारी, असं विचारत होती. तो विचार करून सांगतो म्हणाला. मला त्याची दया आली.

बुधवारी मला त्याचा फोन आला, हिंदीत. आपकी आंटी को बोलिए, ऑफिस टाइम में कॉल ना करे. मी सांगतो म्हणालो. गुरुवारी आला तो मराठीत. समर्थ सर, मी तुमच्या आत्यांचा नंबर बंद केला, तर त्या दुसऱ्यावरून करतात. मी म्हटलं, हो, त्यांच्याकडे दोन आहेत. मग त्याने विचारलं, पिंपळगावला दुसरं एक स्थळ चालू आहे आणि आज शेवटचा दिवस आहे असं त्या म्हणाल्या, ते खरं आहे का? मी म्हटलं, सर, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शुक्रवारी दुपारी आला तेव्हा हिंदी, इंग्रजी, मराठी सगळं संपलं होतं. तो थेट अहिराणीत म्हणाला, “भाऊ, मनी माय दिवसभर फोन करी राहिनी. कागद कोना शेत, कागद कोना शेत.” मी चांदवडचा; मला अहिराणी बोलता येत नाही, पण कागद कोणाचे आहेत म्हणून त्याची आई विचारतेय हे कळलं, आणि दमलेला माणूस कुठल्याही भाषेत कळतो. मी म्हटलं, तुम्ही माझी फाईल द्या, मी आत्याशी बोलतो.

त्याने मला शनिवारी बोलावलं. रविवारी मुलीकडचे लोक येणार होते. नुसतं घर नाही, ऑफिसही बघणार होते. मुलीची आई कपाटं उघडून बघते, असं आत्याने त्याला मुद्दाम सांगून ठेवलं होतं.

मी गेलो तेव्हा ऑफिसात तो एकटा होता. टाय नव्हता. त्याने कपाट उघडलं, कांद्याची फाईल काढली आणि माझ्या हातात दिली. मी आत बघितलं. सगळं होतं, बी.एड. चहाचा डाग पडून आलं होतं, पण होतं. मी निघालो तर तो म्हणाला, थांबा.

कपाट वरपासून खालपर्यंत फायलींनी भरलेलं होतं. नाशिक रोड, सिन्नर, मालेगाव, सटाणा, कळवण. प्रत्येक फाईलवर नाव, नंबर आणि पृथ्वीचा गोल घेतलेला एक हसरा फोटो. सगळ्यांचे रंग उजळ केलेले होते, त्यामुळे ते एकाच मोठ्या कुटुंबातले वाटत होते.

“हे पण घेऊन जा,” संतोष म्हणाला.

मी म्हटलं, माझं तर मिळालं.

“उद्यापुरतं. त्यांनी उघडलं तर मी काय सांगू? सोमवारी परत आणून द्या.”

“मी कशाला परत आणून देऊ?”

“कारण ती प्रोसेस आहे,” तो म्हणाला, पण त्याच्या स्वतःच्याच आवाजात आता दम नव्हता. तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, “समर्थ, मला कुणी सकाळपासून जेवलास का, असंही विचारलेलं नाही. सगळे एकच विचारतात.”

मी विचारलं, जेवलास का. नाही म्हणाला. आम्ही खालून दोन मिसळ मागवल्या आणि खाल्ल्या. मग त्याच्या गावाहून आलेल्या कांद्याच्या रिकाम्या गोण्या होत्या, लाल जाळीच्या, त्यात आम्ही फायली भरल्या. रिक्षात जागा झाली नाही, एक गोणी मांडीवर घ्यावी लागली. जाळीतून फोटोतले लोक माझ्याकडे बघून हसत होते. रिक्षा सुरू होताना संतोषने खिडकीतून डोकं काढून पुन्हा विचारलं, सोमवारी नक्की ना?

आमच्याकडे बैठकीला गेलेली मोठी माणसं जे उत्तर देतात, ते मी त्याला दिलं. मी म्हटलं, कळवतो.

रविवारी बघण्याचा कार्यक्रम झाला. आत्या नवी कवळी घालून गेली होती. मुलीच्या आईने अपेक्षेप्रमाणे कपाट उघडलं, आत हात फिरवला, बंद केलं आणि परत येताना जीपमध्ये म्हणाली, एवढं मोठं कपाट आणि रिकामं, हा मुलगा दिवसभर करतो काय? स्नेहलने स्वतः फक्त नाशिकचं घड्याळ बंद का आहे, ते विचारलं होतं. संतोषने लगेच स्टुलावर चढून त्यात सेल घातला म्हणे. त्यावरून आत्याला आशा आहे. मुलीकडच्यांनी कळवतो म्हणून सांगितलंय.

सोमवारी मी शाळेत गेलो. कारकुनाने फाईलवरचा कांदा बघितला, कुठलं बियाणं आहे विचारलं, माझ्या झेरॉक्सवर ‘मूळ प्रत पाहिली’ असे शिक्के मारले आणि रजिस्टर पुढे केलं. मूळ प्रती त्याने उघडल्याच नाहीत. मी त्याला म्हटलं, एकदा बघून घ्या. तो म्हणाला, सर, तुम्ही काय खोटं बोलणार आहात का. मी सही केली.

म्हणजे माझं काम झालं होतं. उरल्या होत्या गोण्या. टेलरच्या वरच्या खोलीत, फळ्याखाली. संध्याकाळच्या बॅचच्या बायका त्यांना टेकून बसायच्या. परत द्यायच्या नाहीत, हे मी रिक्षातच ठरवलं होतं. संतोषचा फोन आला की मी कळवतो म्हणायचो. मग ज्याच्या त्याला द्यायला हव्यात. मी एकेक फाईल काढून नंबर लावायला सुरुवात केली.

मी म्हणायचो, नमस्कार, मी समर्थ गांगुर्डे, तुमच्या प्रमाणपत्रांबद्दल बोलायचं होतं. समोरून फोन बंद. दुसरा नंबर, नमस्कार, तुम्ही परदेशातल्या नोकरीसाठी अर्ज. बंद. सिन्नरचे एक सर म्हणाले की पुन्हा फोन केलास तर बघ. मालेगावच्या एका बाईंनी मला ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, बेटा, तुझ्या घरचे तुला ओरडत नाहीत का? मी म्हणत होतो, दोन मिनिटं, फोन ठेवू नका, मला काही नकोय, तुमचंच आहे ते घेऊन जा. असं म्हणणाऱ्या माणसावर मीही विश्वास ठेवला नसता. आठवड्याभरात माझा नंबर अर्ध्या जिल्ह्यात बंद केला गेला. मी आत्याचा एक मोबाईल मागून घेतला.

मग पूजा मॅडमचा फोन आला. मी सवयीने म्हटलं, मॅडम, मला कुठेच जायचं नाहीये.

“ते माहितीये,” त्या म्हणाल्या. मराठीत. अभिनंदन नव्हतं. “फायली तुमच्याकडे आहेत ना? त्यात एक माझी आहे. खाली कुठेतरी असेल. जुनी आहे.”

त्या बसने कॅम्पला आल्या. फोनवर आणि त्या धूसर व्हिडिओवरही मला त्या चाळिशीच्या वाटल्या होत्या. माझ्याच वयाच्या होत्या, डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनीही असंच एका रविवारी नाव भरलं होतं. व्हिएतनाम. कागद अडकले, मग रोज ऑफिसात यायला लागल्या, आणि रोज येतेच आहेस तर फोनही कर, असं संतोष सर म्हणाले. आम्ही गोणी उपसून फाईल शोधली. फोटोतला गोल खरा होता, मोठा, शाळेतला. त्यांनी पदर नव्हता म्हणून ओढणीने फाईल पुसली आणि पिशवीत ठेवली.

निघताना त्यांनी माझे दोन फोन उभ्या उभ्या ऐकले. दोन्ही बंद झाले.

“असं नाही करायचं,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. “तुम्ही फार खरं बोलता. द्या इकडे.”

सटाण्याच्या एका मुलीचा नंबर होता. पूजा मॅडमनी पाठ ताठ केली, घसा साफ केला, आणि मला तो आवाज ऐकू आला, जो मी महिनोन्‌महिने झोपेतही ऐकला होता. “नमस्कार मॅडम, सबसे पहले आपको बहुत बहुत बधाई. आपका सिलेक्शन कहीं भी नहीं हुआ है. आपके ओरिजिनल डॉक्युमेंट रेडी हैं. लेने मंगळवार को आओगे या बुधवार को?”

फोन बंद झाला नाही. मग मुलीने घाबरत विचारलं की घेऊन जायची शेवटची तारीख कधी आहे.

“आजच,” पूजा मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या फाईलसाठी माझ्यापुढे हात केला.